योद्धा अर्थाचं फ्रेंच नाव हवंय, मुलासाठी

सातारची_पोर:
नमस्कार मंडळी. कितीतरी वर्षं नुसती वाचतेय, हा माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी फ्रान्सात लियोंला असते, नवरा फ्रेंच, त्यातून ब्रेतान्यचा, म्हणजे अगदी पश्चिमेच्या टोकाचा. नोव्हेंबरच्या शेवटी बाळ येतंय. मुलगा आहे (इथे सांगतात). आमचं आधीच ठरलं होतं, मुलगी झाली तर नाव मराठी आणि मुलगा झाला तर फ्रेंच, त्यामुळे आता फ्रेंच. पण माझी एक अट आहे, अर्थ योद्धा, लढवय्या, शूर असला काहीतरी पाहिजे. कारण माझे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी ऐकून असाल, आमचं गाव त्याच पट्ट्यातलं, घरटी एक फौजी. आबा गेल्या वर्षी गेले. त्यांचंच नाव मधे तरी घालू म्हटलं तर आज्जी म्हणाली, नको गं, मी त्याला हाक कशी मारू? तिनं साठ वर्षांत एकदाही आबांचं नाव तोंडानं घेतलेलं नाही, उखाणा सोडून.

म्हणून दुसरी अट, आज्जीला म्हणता आलं पाहिजे. ती 84 वर्षांची आहे, कवळी लावते, आणि पणतवाला नावानंच हाक मारणार आहे, बाळा-सोन्या नाही.

नेटवर याद्या बघितल्या तर प्रत्येक दुसऱ्या नावापुढे 'प्रसिद्ध योद्धा' लिहिलंय, विश्वास बसत नाही. आत्तापर्यंतची माझी यादी: लुई, मार्सेल, आर्मां, गोतिए, गियोम. सासूबाईंची यादी वेगळी आहे, ती नंतर सांगते. सुचवा.

भटकभवानी:
लुई. दोन अक्षरं. आज्जी खूश. अभिनंदन गं!

पेणचा_पाहुणा:
रोलां! रोलां ठेवा! फ्रेंचांचा बाजीप्रभूच तो. 778 साली शार्लमेन राजा स्पेनवरून परत येत होता, सैन्य पिरेनीज डोंगरातल्या रोंसव्होच्या खिंडीतून पुढे गेलं आणि पिछाडी सांभाळायला रोलां मागे राहिला, तिथेच पडला. त्याच्यावर पुढे मोठं वीरकाव्य झालं, त्यात तो मरताना शिंग फुंकतो आणि ते राजाला कित्येक कोस लांब ऐकू जातं. आपल्या खिंडीत तोफांची वाट बघितली, त्यांच्या खिंडीत शिंगाची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ह्याहून फौजी नाव दुसरं नाही.

मोडीवाचक:
पाहुणे, माणूस बरोबर आहे पण नावाचा अर्थ योद्धा नाही. रोलांमधला पहिला तुकडा 'कीर्ती' आणि दुसरा 'भूमी'. कीर्तिभूमी म्हणा हवं तर. आणि त्या खिंडीत हल्ला केला होता तो बास्क लोकांनी, काव्यात तीनेकशे वर्षांनी त्यांचे मुसलमान सैनिक झाले.

सातारची_पोर, तुमचा अविश्वास रास्त आहे, जरा सविस्तर लिहितो. फ्रेंच नावं म्हणतो ती मुळात फ्रेंच नाहीतच. 5व्या शतकात रोमन सत्ता कोसळली आणि उत्तरेकडून फ्रँक लोक आले, जर्मन कुळातली भाषा बोलणारे. त्यांच्यावरूनच देशाचं नाव फ्रान्स. गंमत म्हणजे त्यांची भाषा तिथे टिकली नाही, लोक लॅटिनचीच बोली बोलत राहिले, पण नावं मात्र सगळ्यांनी राज्यकर्त्यांची उचलली. पुढच्या तीनचारशे वर्षांत साध्या शेतकऱ्याच्या पोराचं नावसुद्धा फ्रँक वळणाचं झालं. आपल्याकडे नाही का शहाजी, हैबतराव, फत्तेसिंह, दर्याजी आले, फारसी-अरबी शब्द पण माणसं पक्की मराठी, तसंच.

ही नावं दोन तुकड्यांची असतात, आपल्या रणजित, समरजितसारखी. तुकडे ठरलेले: कीर्ती, युद्ध, सैन्य, भाला, कणखर, सत्ता, अस्वल, गरुड, कावळा. त्यातले दोन उचलायचे आणि जोडायचे. बऱ्याचदा बापाचा एक तुकडा आणि आईचा एक घेऊन पोराचं नाव व्हायचं, त्यामुळे पूर्ण नावाला सलग अर्थ असेलच असं नाही.

आता तुमची यादी.
लुई = कीर्ती + युद्ध. हाच क्लोव्हिस. फ्रँकांचा पहिला मोठा राजा क्लोव्हिस (मृत्यू 511), त्याच्याच नावाचा उच्चार घासत घासत लुई झाला, म्हणजे फ्रान्सच्या सगळ्या लुई राजांचं नाव खरं तर क्लोव्हिसचंच.
गियोम = इच्छा + शिरस्त्राण. 1066 साली इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा सरदार तो हाच, इंग्रजीत विल्यम.
गोतिए = सत्ता + सैन्य.
आर्मां = सैन्य + माणूस. सरळ सरळ सैनिक.
मार्सेल वेगळा, तो रोमन. मार्स या युद्धदेवावरून.

म्हणजे तुमची यादी चांगली आहे. याद्यांमधल्या बाकीच्या निम्म्या नावांवर मात्र 'योद्धा' उगाच चिकटवलेलं असतं.

भटकभवानी:
गियोम = इच्छा + जिरेटोप. मला आवडलं हे.

कट्टेकरी:
मोडीवाचक, मग जेरार आणि रोजे? आमच्या कंपनीत दोन जुने फ्रेंच साहेब होते ह्या नावाचे.

मोडीवाचक:
जेरार = भाला + कणखर. रोजे (इंग्रजीत रॉजर) = कीर्ती + भाला.

कट्टेकरी:
म्हणजे दोघेही भालेराव!!

पंतांची_सून:
आणि गोतिए, सत्ता + सैन्य, म्हणजे दळवी. दळाचा मुख्य तो दळवी.

कट्टेकरी:
आर्मां शिलेदार. चला अख्खी पलटण उभी राहिली.

वसईची_लाट:
हसू नका, आमच्याकडे हे खरंच आहे. मी वसईची, माहेर गोन्साल्विस. लहानपणापासून वाटायचं हे पोर्तुगीज आडनाव, चर्चमधून आलेलं, काहीतरी संतबिंत असणार. मग एका फादरांनी सांगितलं की गोन्सालो ह्या नावातला पहिला तुकडा 'युद्ध', आणि शेवटचं 'एस' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. स्पेन-पोर्तुगालात व्हिसिगॉथ आले ते पण जर्मन कुळातलेच, मोडीवाचक म्हणतात त्या फ्रँकांचे चुलतभाऊ. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, कीर्ती + सत्ता, रोजेमधला 'कीर्ती' तोच हा. फर्नांडिसमधला मागचा तुकडा 'धाडस'. गोव्यातला लुईस आणि तुमचा लुई एकच. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण ही फ्रँक-गॉथ लोकांची भाले-तलवारींची नावं आमच्या वाडीतल्या केळीच्या बागांत राहिली ती राहिलीच. माझे बाबा आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत आणि आडनाव युद्धाचं.

सातारची_पोर, आमच्या वाडीत लुईस नावाचे तीन काका आहेत, तिन्ही आज्ज्यांना म्हणता यायचं :)

सातारची_पोर:
वसईची_लाट, किती छान लिहिलंस गं. हे मला अजिबात माहीत नव्हतं.

अबोल:
मला जरा वेगळं वाटतं, राग मानू नका. युद्धाचं नाव कशाला? मी फ्रान्समध्ये दोन वर्षं होतो, शिकायला. तिथे कुठल्याही खेड्यात जा, चर्चजवळ नाहीतर शाळेजवळ एक दगडी स्मारक असतं, पहिल्या महायुद्धात गेलेल्या त्या गावातल्या पोरांची नावं. दोनशे घरांच्या गावात तीस-तीस नावं. फ्रान्सचे जवळपास 14 लाख सैनिक गेले त्या युद्धात. मी थांबून ती नावं वाचायचो, लुई, मार्सेल, लुई, एमिल, मार्सेल, जोसेफ... एकाच आडनावाचे तीन भाऊ. मला तरी तेव्हापासून मार्सेल म्हटलं की तोच दगड दिसतो. ती नावं ठेवताना त्यांच्या आयांनी काही योद्धा वगैरे विचार केला नसेल, आजोबाचं नाव म्हणून ठेवलं असेल.

पेणचा_पाहुणा:
अबोल, पण ह्याच कारणासाठी तर ठेवायचं ना? आपण पोराला अभिमन्यू म्हणतो तेव्हा चक्रव्यूह आठवतोच की. तरी ठेवतो.

अबोल:
मी नाही ठेवला. माझ्या मुलाचं नाव शंतनू.

पेणचा_पाहुणा:
तोही राजाच हो :)

सातारची_पोर:
अबोल, राग कसला. आबांनीच एकदा सांगितलेलं, युद्धाच्या गोष्टी ज्यांनी युद्ध केलं नाही ते जास्त सांगतात. ते स्वतः 65 आणि 71 दोन्हींत होते आणि घरी कधी बोलले नाहीत. फक्त दर दसऱ्याला ट्रंक उघडून जुना पट्टा पुसायचे. मला ते पट्टा पुसणं हवंय नावात, मारामारी नकोय. नीट सांगता येत नाहीये मला.

अबोल:
आलं लक्षात. मग विरोध मागे.

तूरडाळ:
व्हेर्सांजेतोरिक्स ठेवा!! फ्रान्सातल्या जुन्या गॉल लोकांचा राजा, रोमच्या सीझरला गेर्गोव्हियाला हरवलं, मग इसवीसनापूर्वी 52 मध्ये आलेझियाला वेढ्यात सापडला. नावाचा अर्थच 'योद्ध्यांचा महाराजा'. ह्याहून थेट काय पाहिजे?

पंतांची_सून:
84 वर्षांच्या बाईला हे म्हणायला लावणार?

मोडीवाचक:
तूरडाळ यांनी चेष्टेत लिहिलं असलं तरी अर्थ अगदी बरोबर आहे. आणि शेवटचा 'रिक्स' म्हणजे आपला राजाच, लॅटिनमधला रेक्स आणि संस्कृतातला राजन् एकाच मुळाचे.

ह्यावरून आठवलं, लुईचंही तसंच आहे. लुईमधला 'कीर्ती' वाला जो तुकडा, त्याचं मूळ आणि आपल्या 'श्रुत'चं मूळ एक. ज्याच्याबद्दल ऐकलं जातं तो कीर्तिमान. म्हणजे लुईचं संस्कृत करायचं झालं तर पहिलं पद श्रुत आणि दुसरं लढाईचं काहीतरी. आणि महाभारतात खरोखर श्रुतायुध नावाचा राजा आहे, द्रोणपर्वात. त्याला वरुणाने गदा दिलेली असते, पण अट अशी की न लढणाऱ्यावर टाकायची नाही. त्याने ती सारथी असलेल्या श्रीकृष्णावर टाकली, गदा उलटली आणि त्यालाच लागली. नाव भाषांतर करून ठेवायला नको, एवढंच.

भटकभवानी:
मोडीवाचक तुम्ही धाग्यावर येता तेव्हा मी चहा घेऊन बसते.

लियोंकर:
मी पण लियोंचाच, इथे मराठी मंडळी थोडी आहोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. थोडं व्यवहाराचं सांगतो कारण आम्ही ह्यातून दोनदा गेलोय.

1. जन्म झाल्यावर 5 दिवसांच्या आत नगरपालिकेत म्हणजे मेरीत नोंद करावीच लागते. आपल्यासारखं बारशापर्यंत थांबता येत नाही, म्हणून नाव आधी पक्कं करून ठेवा. आम्ही पहिल्या वेळी ठरवलं नव्हतं, पाचव्या दिवशी नवरा-बायको बाळ घेऊन जागरणानं लाल झालेल्या डोळ्यांनी भांडत होतो.
2. पूर्वी इथे कायदा फार कडक होता. 1803 च्या कायद्याप्रमाणे कॅलेंडरातल्या संतांची नावं आणि प्राचीन इतिहासातली नावं, बस. 1993 पासून मोकळीक आहे, हवं ते ठेवा, पण मुलाला त्रास होईल असं वाटलं तर मेरीवाले सरकारी वकिलाला कळवतात आणि कोर्ट नाव बदलू शकतं. एका जोडप्याला मुलीचं नाव नुटेला ठेवायचं होतं, कोर्टानं एला करून दिलं. व्हेर्सांजेतोरिक्स कदाचित चालेलही :)
3. नावं कितीही देता येतात. पहिलं, दुसरं, तिसरं, स्वल्पविराम देऊन. आणि त्यातलं कुठलंही रोज वापरायचं नाव म्हणून घेता येतं. तेव्हा दुसरं नाव मराठी टाकाच. फक्त भारतातल्या नातेवाइकांना समजावून सांगा की मधलं नाव म्हणजे बापाचं नाव नाही, आमच्याकडे एका मामांनी पत्रिकेवर वडिलांच्या जागी तेच छापून टाकलं.

आणि एक, जेरार, रोजे, बेर्नार, रेमों ही नावं अर्थानं कितीही दणदणीत असली तरी इथे ती आजोबांची नावं आहेत. वर्गात एकटाच रोजे असेल. आपल्याकडे आज कुणी गणपतराव ठेवावं तसं. लुई, मार्तँ, गाब्रिएल ही चालू आहेत, मार्सेलसुद्धा परत येतोय.

तूरडाळ:
मग शाळेत चार लुई असणार. लुई क, लुई द...

पंतांची_सून:
राजे मोजायचे तसे. लुई सोळावा डबा विसरला.

शांबेरीची_सई:
मी शांबेरीची, म्हणजे लियोंपासून शंभरेक किलोमीटर. इथे भर चौकात चार हत्तींचं कारंजं आहे, 1838 चं. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती! पहिल्यांदा बघितलं तेव्हा कळेचना, मग खालचं वाचलं. ते आहे बन्वा द ब्वान्य ह्या माणसाच्या स्मरणार्थ, इथलाच, आणि हा आपल्या महादजी शिंद्यांचा सेनापती! कवायती पलटणी त्यानं उभ्या केल्या, 1790 ला पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या, मग पैसा घेऊन गावी परत आला आणि गावाला भरभरून दिला. हत्ती फक्त पुढच्या अर्ध्या अंगाचे आहेत म्हणून गावकरी त्याला 'बिनढुंगणाचे चौघे' म्हणतात.

मुद्दा हा की बन्वा ह्या नावाचा अर्थ 'आशीर्वाद लाभलेला', एकदम संतमाणसाचं नाव. आणि पाश्चर, ब्रेल दोघेही लुई, कीर्ती + युद्ध, एकानं लस दिली आणि दुसऱ्यानं आंधळ्यांना लिपी दिली. नाव काय ठरवतं मला माहीत नाही. मी सासरची नातीगोती आली की त्यांना कारंजापाशी नेते आणि सांगते, हा आमच्या शिंद्यांचा माणूस. छाती फुगते.

पेणचा_पाहुणा:
सई, हे वाचून मीच फुगलो इकडे पेणात.

सातारची_पोर:
काल यादी घेऊन आज्जीला फोन लावला. हा रिपोर्ट, जसाच्या तसा.

लुई. "लुई? लुगडं म्हणल्यासारखं वाटतंय. बरंय पण. लई छोटं."
गोतिए. "गोट्या? गोट्या घरात म्हण, शाळेत काय घालणार?"
गियोम. "ओम कळलं. सरळ ओम ठेव की."
आर्मां. "अरमान? ते शेजारच्या पोराचं हाय."
मार्सेल. "मारशील? कुणाला मारशील?"

मी फोन ठेवून अर्धा तास हसत होते, नवऱ्याला समजावून सांगता सांगता वाट लागली.

भटकभवानी:
मारशील!!! ऑफिसात मोठ्यांदा हसले.

कट्टेकरी:
वर्गात मास्तर: मारशील, उभा राहा.

पंतांची_सून:
तसंही मार्सेल मार्सवरून, मार्स म्हणजे मंगळ. पत्रिकेतच नाही तर नावातच मंगळ. लग्नाच्या वेळी काय सांगणार?

ज्योतिषप्रेमी:
मंगळाची एवढी भीती नको. मंगळ ग्रहांचा सेनापतीच मानलाय आपल्याकडे. फ्रेंचमध्येही मंगळवार म्हणजे मार्दी, मार्सचाच वार. तिकडचा युद्धदेव आणि इकडचा सेनापती एकाच तांबड्या ग्रहावर बसवलेत. सैनिकाच्या घरात मंगळाचं नाव शोभतंच.

ऐनापूरकर:
सासूबाईंच्या यादीचं राहिलं.

सातारची_पोर:
हो. सासूबाईंना ब्रेतान्यचं नाव हवंय. एर्वे, लोइक, मालो आणि त्यांचं सगळ्यात आवडतं तांगी, त्यांच्या वडिलांचं होतं. लोइक म्हणजे तिकडचा लुईच म्हणतात. तांगीचा अर्थ विचारला तर म्हणाल्या 'अग्नी' आणि 'कुत्रा'. म्हणजे अग्निश्वान. त्यांच्या जुन्या केल्टिक लोकांत शूर योद्ध्याला कुत्रा म्हणणं हा मान होता. आज्जीला हे कसं सांगू? एक तर तांगी ऐकून ती "टांगा?" म्हणणार आणि वर कुत्रा.

ऐनापूरकर:
कुलदैवत कोणतं तुमचं?

सातारची_पोर:
खंडोबा. पालीचा.

ऐनापूरकर:
मग अडचण काय आहे? देवाच्या घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच की. आमच्याकडे वाघ्ये देवापुढे कोटंबा (लाकडी भिक्षापात्र) ठेवून कुत्र्यासारखं भुंकून खातात, मी लहानपणी बघितलंय. खंडोबाच्या घरात कुत्रा हा मान आहे, तुमच्या सासूबाई म्हणतात तसाच. आज्जीला एवढंच सांगा, त्या हो म्हणतील.

वसईची_लाट:
अंगावर शहारा आला. कुठलं ब्रेतान्य, कुठली पाली.

लियोंकर:
सातारची_पोर, मी वर ओघात मार्तँ लिहिलं होतं, कुणी लक्ष दिलं नाही. इंग्रजीतला मार्टिन. तोही मार्सवरूनच, म्हणजे अर्थ तुमच्या अटीतला. शेवटचा न नाकात जातो, मार्तँ.

आणि हा मार्तँ कोण माहितीये? 4थ्या शतकातला रोमन घोडदळातला शिपाई. आमियां गावाच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी दिसला, ह्याच्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून तलवार काढली आणि अंगावरचा झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला. पुढे फौज सोडली आणि तूर शहराचा बिशप झाला, 397 ला गेला. त्या झग्याचा तुकडा फ्रँक राजे जपून ठेवायचे, आणि झग्याला 'कापा' म्हणायचे म्हणून तो ठेवायच्या जागेला 'शापेल' नाव पडलं, आपण चॅपल म्हणतो ते. फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव मार्तँ आहे. गावोगावच्या चर्चमध्ये त्याची मूर्ती बघाल, घोड्यावर बसलाय, हातात तलवार, खाली भिकारी.

त्याचा सण 11 नोव्हेंबर. तोच युद्धबंदीचा दिवस, 1918 चा, अबोल यांच्या त्या दगडी स्मारकांपाशी सगळं गाव जमतं तो.

अबोल:
तलवारीनं झगा कापणारा शिपाई. हे नाव मी पण ठेवलं असतं.

सातारची_पोर:
लियोंकर दादा, मी आत्ता हे वाचून गप्प बसलेय. 'तलवार काढली आणि झगा कापला'. हेच ते, जे मला सांगता येत नव्हतं. आज रात्री आज्जीला विचारते. (तिकडे तेव्हा मध्यरात्र, म्हणजे उद्याच.)

तूरडाळ:
श्वास रोखून बसलोय.

कट्टेकरी:
मी पण. मध्यंतरात शेंगदाणे घ्या.

पंतांची_सून:
मुलींची अशी नावं नसतात का हो? सहज विचारतेय, माझ्या भाचीला फ्रेंच शिकायचंय आणि वर्गात फ्रेंच नाव घ्यायला सांगितलंय.

मोडीवाचक:
भरपूर. मातिल्द = बळ + युद्ध. क्लोतिल्द = कीर्ती + युद्ध, ही त्या क्लोव्हिस राजाची राणी. दोघांच्याही नावाचा अर्थ एकच, फक्त युद्धाचे शब्द दोन वेगळे. नवरा-बायको दोघंही कीर्तिमान युद्ध.

पंतांची_सून:
आमच्या घरी तर हे बिननावाचंच आहे. मातिल्द सांगते तिला.

सातारची_पोर:
आले.

आज्जीला आधी गोष्ट सांगितली, झग्याची. ती ऐकत होती, मधे एकदा म्हणाली, "थंडीवाऱ्यात फौजी माणसाला घोंगडी किती लागती मला इचार, ह्यांची एकच हुती." मग मी नाव सांगितलं. मार्तँ.

पलीकडे एकदम शांत. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "मार्तंड? अगं मग आधी का नाही सांगितलंस? मल्हारी मार्तंड. देवाचं नाव हाय हे. तिकडं बी ठेवत्यात व्हय?"

मी सांगायला गेले की आज्जी ते वेगळं, हा तिकडचा... तर मधेच तोडून विचारलं, घोड्यावर हाय का? म्हटलं हो. हातात तलवार हाय का? हो. "मग काय वेगळं हाय?"

मला बोलताच येईना. रडू येत होतं. नवरा धावत आला, त्याला वाटलं काही झालं.

ऐनापूरकर:
येळकोट येळकोट जय मल्हार!

वसईची_लाट:
आमच्या चर्चमध्ये पण घोड्यावर तलवारवाले संत आहेत. आज्जींना माझा नमस्कार सांग.

मोडीवाचक:
मार्तंड हा आपल्याकडे सूर्य, अदितीचा मुलगा, आणि खंडोबा म्हणून मार्तंड भैरव. मार्सशी त्याचा व्युत्पत्तीनं काही संबंध नाही. पण हे लिहायला बसलो आणि वाटलं आज्जींनी विचारलेल्या दोन प्रश्नांपुढे माझ्याकडे उत्तर नाही. नाव पक्कं समजा.

भटकभवानी:
मोडीवाचक हरले, तेही पहिल्यांदा :)

सातारची_पोर:
पक्कं झालं. मार्तँ, आणि दुसरं नाव तांगी, सासूबाईंसाठी. कुत्र्याचंही सांगितलं आज्जीला, ऐनापूरकरांनी सांगितलं तसंच. म्हणाली, देव आला तर त्याचा कुत्रा यायचाच. सासूबाईंना हे फ्रेंचमध्ये सांगितलं तर त्या उठून आत गेल्या आणि त्यांच्या वडिलांचा फोटो घेऊन आल्या, तांगी आजोबांचा. नाविक होते ते. तो फोटो आता आबांच्या फोटोशेजारी लावलाय.

तिसरं नाव मराठी टाकायचं की नाही अजून ठरत नाहीये, नवरा म्हणतो मार्तंडच आहे की आता. लियोंकर दादा, व्यनि केलाय, मेरीत कागद कुठले लागतात ते सांगा. आणि एक विचारायचं होतं सगळ्यांना, आज्जीला पालीहून भंडारा पाठवायचाय बाळाला लावायला, टपालानं इकडे येऊ देतात का? पिवळी पूड बघून अडवत नाहीत ना?

लियोंकर:
टपालाच्या भानगडीत पडू नका. माझी बहीण 20 तारखेला येतेय पुण्याहून. कागदात पुडी बांधून तिच्याकडे द्यायला सांगा, वर हळद लिहा.